डांगात जाताना फरसाण घरी ठेवा

जंगलाच्या सहलीची तयारी फरसाणाच्या दुकानापासून सुरू करायची सुरतेची रीत मला मान्य नाही. थंडी पडली की उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथल्या सोसायट्यांमधून शनिवारी पहाटे गाड्या डांगाकडे निघतात. खोलीचं बुकिंग महिनाभर आधी झालेलं असतं. टायरमधली हवा, मुलांचे स्वेटर, फोनचे चार्जर, सगळं जागच्या जागी असतं. जेवणाचं मात्र आदल्या रात्री नऊ वाजता ठरतं, आणि ठरतं म्हणजे काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून वजन सांगितलं जातं. हे एक किलो, ते अर्धा किलो, वेफर्सची दहा पाकिटं, पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे दोन खोके, वापरून टाकायच्या ताटल्यांचा गठ्ठा. झाली तयारी.

रविवारी रात्री तीच गाडी परत येते तेव्हा डिकी रिकामी असते. माझं भांडण त्या रिकाम्या डिकीशी आहे. खाल्लेलं पोटात गेलं, हे कळलं. बाकीचं कुठे गेलं? पाकिटं, बाटल्या, ताटल्या, उरलेलं खमण, आंबलेली चटणी, यांतलं काहीच परत आलेलं नाही. म्हणजे ते सगळं तिथेच आहे. पूर्णा नदीच्या काठावर आहे, घाटाच्या वळणावर आहे, सागाच्या पाचोळ्याखाली आहे.

रानात जाणारा माणूस पाहुणा असतो. पाहुण्याने यजमानाच्या घरी चार गोष्टी पाळायच्या असतात. घाण करायची नाही, पाणी उधळायचं नाही, आगीशी खेळायचं नाही आणि समोर आलेल्या ताटाला नाक मुरडायचं नाही. या चारही गोष्टींचा निकाल आपण घरी डबा भरतो तेव्हाच लागलेला असतो. जेवणाचा बेत चुकला की पुढे कितीही सूचना वाचा, कितीही फलक लावा, काही उपयोग होत नाही. म्हणून सहलीत सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट कुठली, तर जेवण.

आधी आपण जातोय कुठे ते नीट पाहू. बारडोली, व्यारा, सोनगड करत महालला पोचलं की पूर्णा अभयारण्य लागतं. १९९० साली जाहीर झालेलं हे अभयारण्य १६० चौरस किलोमीटरचं आहे, आणि महालचा वनखात्याचा तळ त्या पूर्णा नदीच्या काठीच आहे. दक्षिणेला वघईच्या अलीकडे वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे, १९७९ साली जाहीर झालेलं. ते जेमतेम २४ चौरस किलोमीटरचं. तिकडे उत्तरेला नर्मदा जिल्ह्यात डेडियापाड्याच्या बाजूला शूलपाणेश्वर अभयारण्य, ६०७ चौरस किलोमीटरचं, अस्वलांचं घर. सुरतेहून ही ठिकाणं काही तासांवर आहेत, एवढ्या जवळ की आपल्याला ती आपलं अंगणच वाटतात. पण सोनगड मागे पडलं की दुकानं विरळ होतात, मोबाइलची रेंज येते-जाते, आणि विसरलेलं मीठ आणायला पुन्हा अर्धा-पाऊण तास गाडी हाकावी लागते. तिथे पोचल्यावर बेत करता येत नाही. बेत करूनच पोचावं लागतं.

कचरा

सुरतेच्या माणसाला कचऱ्याबद्दल कोणी शिकवावं अशी वेळच यायला नको. १९९४ च्या सप्टेंबरात या शहराने प्लेगची साथ पाहिली. लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली, त्यात खानदेशाकडे परतलेली आपली माणसंही होती. त्यानंतर हे शहर झाडून-पुसून उभं राहिलं आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या जोडीने देशात पहिलं आलं. त्याचा मला अभिमान आहे. पण शहराची हद्द ओलांडली की हाच माणूस गाडीची काच खाली करून पाकीट बाहेर सोडतो, तेव्हा तो अभिमान मला गिळावा लागतो. आपल्या गल्लीत घंटागाडी येते म्हणून आपण स्वच्छ आहोत का? जिथे घंटागाडी येत नाही तिथे कसे वागतो, त्यावर ठरतं आपण स्वच्छ आहोत की नाही.

आणि हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अभयारण्यात कुणी प्राण्यांना त्रास देऊ नये आणि कचरा टाकू नये. बिबट्याची शिकार आणि वेफर्सचं पाकीट यांच्या शिक्षेत फरक असेल, पण कायदा एकच आहे. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांच्यावर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरीही ते गठ्ठे डिकीत जातात. विकणारा विकतो, घेणारा घेतो आणि साग-बांबूचं रान ते साठवून ठेवतं.

उपाय अगदी साधा आहे आणि तो घरच्या ओट्यावर करायचा आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक पाकीट घरीच फोडा आणि आतला माल स्टीलच्या डब्यात भरा. बिस्किटं डब्यात, शेंगदाणे डब्यात, चहा-साखर डब्यात. प्लॅस्टिक सुरतेच्या कचऱ्यात जाऊ द्या, तिथे त्याची व्यवस्था आहे. ताटल्या घरच्या स्टीलच्या घ्या, माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला. आणि सगळ्यात आधी एक मोठी, झाकणाची, रिकामी बादली डिकीत ठेवा. जे नेलं आणि खाल्लं नाही ते या बादलीतून परत येणार. केळीची सालं, लिंबाच्या फोडी, चहाचा चोथा, सगळं.

"सालं तर कुजतात हो, निसर्गातलंच आहे," असं म्हणणारा एक काका प्रत्येक सहलीत असतो. काकांना सांगा की साल कुजण्याआधी माकडापर्यंत पोचते. रस्त्याकडेला खायला मिळतं हे माकडाला कळलं की ते रस्त्यावर बसायला लागतं, गाड्यांखाली येतं, मुलांच्या हातातून हिसकावून घेतं, ओरबाडतं. मग आपणच वनखात्याकडे तक्रार करतो की माकडं फार माजली आहेत. उष्ट्या अन्नामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पर्यटक रविवारी घरी परततो. बिबट्या मात्र सोमवारी त्या वाटेने शाळेत जाणाऱ्या पोरांच्या वाट्याला येतो. तेव्हा उरलेली दोन भजी माकडाला टाकण्यात दयाही नाही आणि पुण्यही नाही.

अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कात रानात मुक्कामाला जाणाऱ्याला अन्न अस्वलाला न फोडता येणाऱ्या डब्यातच ठेवावं लागतं, आणि अंधार पडल्यावर उभ्या गाडीत खाण्याची वस्तू ठेवायला मनाई आहे, कारण तिथली अस्वलं वासावरून गाडीचं दार उपटतात. अन्नाची चटक लागलेलं अस्वल माणसाला धोकादायक ठरलं की शेवटी त्यालाच मारावं लागतं. कॅलिफोर्नियात राहणारी मराठी कुटुंबं हे नियम मुकाट्याने पाळतात. ठेपले आणि लाडू त्या जाड डब्यात घालतात, झाकण फिरवून बंद करतात. शूलपाणेश्वरातही अस्वल आहे, त्याचंही नाक तेवढंच तीक्ष्ण आहे. तिथे पाळता येतं ते डेडियापाड्याला का पाळता येऊ नये?

पाणी

डांगात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात तिथल्या बायका पाण्यासाठी पायपीट करतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चढ-उताराची खडकाळ जमीन पाणी धरून ठेवत नाही, ते अंबिका, पूर्णा, गिरा यांच्यातून खाली आपल्याकडे धावत येतं. फाल्गुन-चैत्रात तुम्ही तिथल्या हातपंपावर सहा माणसांची तेलकट भांडी घासायला बसता तेव्हा कुणाच्या तरी हंड्यातलं पाणी वापरत असता.

म्हणून पाण्याचा हिशेब आधी मांडा. माणशी दिवसाला पिण्यासाठी तीन लिटर धरा. सहा माणसं, दोन दिवस, म्हणजे ३६ लिटर. वीस लिटरचे दोन जार नेले की काम झालं. अर्ध्या लिटरच्या सत्तर-ऐंशी बाटल्या कशाला हव्यात? प्रत्येकाच्या गळ्यात घरची बाटली द्या आणि जारातून भरा.

पुढचा हिशेब भांड्यांचा. ज्या जेवणाला चार पातेली लागतात ते जेवण रानात करायचं नाही. पावभाजीचा बेत घरी करा, उंधियूचा बेत घरी करा. रानात एका भांड्यात होणारं किंवा हातावर घेऊन खाता येणारं जेवण हवं. भाकरीवर चटणी आणि ठेचा घेतला की ताटही खराब होत नाही. तेलकट ताट असेल तर आधी कागदाने किंवा उरलेल्या भाकरीच्या तुकड्याने पुसा, मग तांब्याभर पाण्यात ते निघतं. आणि नदीत साबण घालायचा नाही. पूर्णेतल्या माशांना आपल्या लिंबाच्या वासाच्या साबणाची गरज नाही.

आग

माघ-फाल्गुनात सागाची पानं गळतात. एकेक पान ताटाएवढं, वाळून कुरकुरीत झालेलं, आणि त्यांचा घोट्याएवढा थर. त्यावर कुणीतरी तीन दगड मांडून "चुलीवरचं जेवण" करायला बसतो, व्हिडिओ काढतो, आणि निघताना पेल्याभर पाणी शिंपडून समजतो की आग विझली. निखारा आत तासन् तास जिवंत राहतो. संध्याकाळी वारा सुटला की उरलेलं काम तो करतो. त्याच वन्यजीव कायद्याच्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती ठेवून जाणं हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी मी आपल्याकडच्या एका जुन्या पत्राची आठवण देईन.

शिवाजी महाराजांचं सुरतेशी नातं लोकांना १६६४ आणि १६७० या दोन सालांपुरतंच माहीत असतं. १६७३-७४ च्या सुमारास त्यांनी चिपळूणजवळच्या हलवर्ण इथल्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र सुरतेच्या प्रत्येक सहल-संयोजकाने वाचावं. पावसाळाभर पुरावं म्हणून दाणा-गवत साठवलं होतं. महाराज बजावतात की ते हिशेबाने वापरा, आज आहे म्हणून उधळलंत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, जनावरं उपाशी मरतील, आणि मग तुम्ही आसपासच्या रयतेकडून दाणा, लाकूडफाटा, भाजीपाला ओरबाडायला लागाल. पुढे ते आगीवर येतात. कोणी कुठेही चूल पेटवेल, कोणी वारा न पाहता चिलीम ओढेल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात उचलून नेईल, आणि त्या एका ठिणगीने सगळी गवताची गंजी जाईल. एवढ्या मोठ्या राजाला उंदराने नेलेली वात दिसत होती. आपल्याला आपण मागे ठेवलेला निखारा दिसत नाही.

त्या पत्रात मुक्कामाच्या जेवणाचं सगळं शास्त्र आलं आहे. साठा मोजून न्या, मोजून वापरा, आसपासच्या माणसांवर भार टाकू नका, आग नजरेआड करू नका. साडेतीनशे वर्षांनंतर त्यात मला घालण्यासारखं काही सापडत नाही.

तेव्हा रानात आपली चूल नको. तळावर स्वयंपाकघर असेल तर तिथे विचारून शिजवा, नाहीतर शिजवलेलं न्या किंवा तिथे सांगून ठेवा. सापुताऱ्याला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला सुरतेपेक्षा जास्त वेळ आणि जास्त इंधन लागतं. डाळ-तांदूळ शिजवायचेच असतील तर छोटा कुकर न्या.

ताट

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपली माणसं डांगात जातात, डांग बघतात, डांगाचे फोटो काढतात आणि डांगात राहून दोन दिवस सुरतच खातात. काही मोठ्या ग्रूपबरोबर तर सिलिंडरसकट स्वयंपाकी असतो. पूर्णेच्या काठावर बसून पनीरची भाजी खाल्ली जाते आणि पलीकडच्या पाड्यावर चुलीवर शिजत असलेल्या अन्नाची चौकशीही होत नाही. एकेकाळी डांग महाराष्ट्रात जावा की गुजरातेत यावर दोन्हीकडची पुढारी मंडळी हिरिरीने भांडली. १९६० साली राज्यं झाली, डांग गुजरातेत गेला. डांगी माणसाची बोली कुणाची यावर पानंच्या पानं लिहिली गेली. त्याच्या ताटात काय असतं हे मात्र दोन्हीकडच्या किती जणांनी जेवून पाहिलं?

त्या ताटात नागली असते, आपण तिला नाचणी म्हणतो. उडदाची घट्ट डाळ असते. रानभाजी असते, हंगाम असेल तर बांबूच्या कोंबाची, आणि त्याच कोंबाचं लोणचं बारा महिने. लसूण-मिरचीची चटणी असते. नागलीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, शहरातल्या मॉलमध्ये नाचणीची बिस्किटं चढ्या भावाने विकली गेली. डांगाच्या उतारावर ती पिढ्यान् पिढ्या पिकते आहे. २०२१ साली गुजरात सरकारने डांग हा पूर्णपणे नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर केला. सुरतेत सेंद्रिय म्हणून लेबल लावलेलं पीठ शोधत फिरणाऱ्यांनी तिथे जाऊन मैद्याची फरसी पुरी खावी, हे मला पाहवत नाही.

वांसदा आणि डांगच्या पट्ट्यात आदिवासी महिलांच्या बचतगटांनी चालवलेली 'नाहरी' नावाची जेवणघरं आहेत. तिथे बसून रोटला, म्हणजे भाकरी, होताना एकदा नीट बघा. बाई परातीत नागलीचं पीठ घेते, त्यात कढत पाणी घालते, चटका बसत असतानाच ते मळते. नागलीच्या पिठाला चिकटपणा कमी, गार पाण्यात मळलं तर थापताना कडा फाटतात. मुठीएवढा गोळा ओल्या तळहातावर घेऊन ती तो हातावरच फिरवत मोठा करते, पोळपाट नाही, लाटणं नाही. मग तो मातीच्या खापरावर पडतो, वरून पाण्याचा हात फिरतो. पाणी सुकलं की उलटतो, आणि शेवटी निखाऱ्याजवळ उभा केला की टम्म फुगतो. तपकिरी, जाड, धुराचा वास असलेला. त्यावर उडदाची डाळ आली की आणखी काही लागत नाही. हे ताट पोचायला डिझेल लागलेलं नाही, पाकीट लागलेलं नाही, आणि त्याचा पैसा त्याच पाड्यावर राहतो.

हा उपकार समजू नका. रान राखायचं असेल तर रानात राहणाऱ्या माणसाला त्यातून चार पैसे मिळाले पाहिजेत. डांगातल्या कितीतरी घरांतली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला आपल्या बारडोली-मढीच्या बाजूला उतरतात, उसाच्या फडाशेजारी पालं टाकून राहतात. आपण सहलीला वर जातो तेव्हा ती पोटासाठी खाली आलेली असतात. सहलीतली दोन जेवणं वरच्या पाड्यावर विकत घेतली तर निदान काही बायकांना घर सोडावं लागणार नाही. माझ्या मते डांगात जेवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

पण हे ताट बटण दाबून येत नाही. अशा ठिकाणी पीठ, भाजी, लाकूड माणसं मोजून आणलं जातं. एकदम वीस जणांची गाडी येऊन "चला, गरम गरम लावा" म्हणाली तर एक तर नकार मिळेल, नाहीतर घाईघाईत घरच्यांच्या वाट्याचं तुमच्या ताटात येईल. आधी सांगणं ही इथली पहिली अट. कांदा-लसूण चालत नसेल, तिखट कमी हवं असेल, घरात मधुमेहाचं माणूस असेल, तर तेही तेव्हाच सांगा. मुलं नागली खाणार नाहीत अशी भीती असेल तर जाण्याआधीच्या आठवड्यात घरी एकदा नाचणीची भाकरी करा. मूल भुकेलं असलं आणि भाकरी गरम असली की ते खातं, हा प्रत्येक आईचा अनुभव आहे.

बेत

आता दोन दिवसांचा हिशेब. चार मोठी माणसं, दोन मुलं, शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. नाश्ता करूनच घर सोडा, म्हणजे वाटेत पहिल्या तासाला पाकिटं फुटत नाहीत.

शनिवारी सकाळी वाटेत दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. आपल्या खानदेशी घरांना हे शिकवायला नको. सुरत-भुसावळ गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगाव करणाऱ्या पिढ्यांनी याच शिदोरीवर प्रवास केला आहे. दुधात मळलेली, खमंग भाजलेली दशमी फडक्यात बांधली तर दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. माणशी तीन धरा. तसेच मेथीचे ठेपले, हे सुरतेने आपल्याला दिलेलं उत्तम देणं. कोरडं आणि नीट भाजलेलं टिकतं, ओलं आणि वाफवलेलं नासतं, एवढा एक नियम लक्षात ठेवला की काय न्यायचं आणि काय नाही हे आपोआप ठरतं. खमण, लोचो, ओल्या नारळाची चटणी, दह्यातलं काहीही, हे सगळं त्यामुळे घरी राहिलं.

शनिवारी दुपारी डांगी ताट, आधी सांगून ठेवलेलं. संध्याकाळी चहाबरोबर बिबडे किंवा खाकरा आणि भाजलेले शेंगदाणे. बिबडे वजनाला हलके, महिनोन् महिने टिकतात, आणि ज्वारीचे असल्याने पोटही भरतं.

रात्री खिचडी. पाऊण किलो तांदूळ आणि मूगडाळ, त्यातच हळद, मीठ, जिरं, धने-जिरे पूड, घरीच एका कापडी पिशवीत एकत्र करा. तळाच्या स्वयंपाकघरात कुकरमध्ये पाणी घातलं की वीस-पंचवीस मिनिटांत सहा जणांचं जेवण तयार. सोबत मेतकूट, लोणचं, तुपाची छोटी बरणी. एक भांडं, सहा ताटं. आणि उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा मोह रानात आवरा. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तासन् तास उबदार जागी राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. घरी फ्रीज असतो, तिथे नसतो. दवाखानाही जवळ नसतो. म्हणून रात्री कमीच शिजवा, उरू देऊ नका.

रविवारी सकाळी सातूचं पीठ. गहू आणि डाळवं भाजून दळलेलं, त्यात गूळ आणि पाणी किंवा दूध. चूल नाही, पातेलं नाही, वाटीत कालवलं की झालं. तास-दोन तास जंगलात चालायला हे पुरतं. डोंगरात कित्येक दिवस चालणारी माणसं पाठीवर दिवसाला माणशी पाऊण ते एक किलो कोरडं अन्न घेऊन भागवतात. आपण गाडीतून जातो, वजन जाणवत नाही, म्हणून दुप्पट-तिप्पट नेतो आणि उरलेलं टाकतो. शिदोरी वजन करून भरली तर हा प्रकार थांबेल.

रविवारी दुपारी पुन्हा तिथलंच जेवण, वघईकडून परतत असाल तर एखाद्या नाहरीत. परतीच्या वाटेला गोळपापडी आणि केळी. सालं बादलीत. येताना पिशवीभर नागलीचं पीठ आणि बांबूचं लोणचं विकत घेऊन या, घासाघीस न करता.

मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या चिटणीसांना माझी आग्रहाची विनंती आहे. सहलीच्या सूचनेत निघण्याची वेळ आणि वर्गणी लिहिता, तशी बादली, स्टीलचं ताट आणि पाण्याचा जार यांची यादीही लिहा. वर्गणीतून फरसाणाचे पैसे काढा आणि त्यातून दोन डांगी जेवणांचे पैसे भरा. खोलीचं बुकिंग ज्या दिवशी होईल त्याच दिवशी दुसरा फोन तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना करा. ताई, आम्ही सहा जण, शनिवार-रविवार दोन्ही दुपारी जेवणार, तिखट जरा बेताचं, आणि रोटला नागलीचाच करा.